रवांडा १९९४: बुटारेत कत्तल दोन आठवडे का थांबली होती?

पळसपान

रवांडातल्या वंशसंहाराबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं त्यात बहुतेक वेळा एकच कहाणी असते. हुतू आणि तुत्सी या दोन जमाती, त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं हाडवैर, राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि लोक कोयते घेऊन शेजाऱ्यांवर तुटून पडले. ही मांडणी मला घातक वाटते, कारण तिच्यात कुणीच जबाबदार उरत नाही. वैर जुनं आणि भडका आपोआप उडालेला, मग जाब विचारायचा कुणाला?

म्हणून सुरुवात बुटारेपासून करते. बुटारे हा दक्षिणेतला प्रांत. देशाचं राष्ट्रीय विद्यापीठ तिथलं. तुत्सींचं प्रमाण इतर प्रांतांपेक्षा जास्त, हुतू-तुत्सी लग्नंही सर्रास होणारी. ६ एप्रिल १९९४ च्या रात्री किगालीत राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचं विमान पडलं. ७ तारखेच्या सकाळी पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांना मारलं गेलं. त्या स्वतः हुतू होत्या, पण तडजोडीच्या बाजूच्या. सत्ता ज्यांच्या हाती रीतसर जाऊ शकली असती अशी माणसं यादी धरून आधी संपवली गेली. तुत्सींची कत्तलही त्याच दिवसापासून सुरू झाली आणि प्रांतामागून प्रांत पेटत गेले.

बुटारेत मात्र पश्चिम सीमेवरचा काही भाग सोडला तर जवळजवळ दोन आठवडे मोठी कत्तल झाली नाही. तिथले प्रांताधिकारी ज्याँ-बाप्तिस्त हाब्यालिमाना हे त्या वेळी देशातले एकमेव तुत्सी प्रांताधिकारी. शेजारच्या गिकोंगोरोतून जीव घेऊन आलेली माणसं बुटारेत शिरत होती. १७ एप्रिलला सरकारने हाब्यालिमानांना पदावरून काढलं. १९ तारखेला हंगामी राष्ट्राध्यक्ष सिंदिकुब्वाबो नव्या प्रांताधिकाऱ्याच्या नेमणुकीच्या समारंभाला स्वतः आले आणि ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणून गप्प बसणाऱ्यांना त्यांनी जाहीर भाषणात खडसावलं. दुसऱ्याच दिवसापासून बुटारेत कत्तलीला जोर आला. २० एप्रिलला मारल्या गेलेल्यांत रोजाली गिकांडा होत्या. रवांडाचे पूर्वीचे राजे मुतारा रुदाहिग्वा यांच्या त्या विधवा, वय झालेल्या, शहरातल्या साध्या घरात राहणाऱ्या.

शेजारी तेच होते. मनात वैर असलंच तर १९ तारखेच्या आधीही तेवढंच होतं. बदलला तो वरचा माणूस आणि वरून आलेला हुकूम.

ताबा कम्यूनचंही तेच. तिथला बुर्गमेस्त्र, म्हणजे कम्यूनचा प्रमुख, ज्याँ-पॉल अकायेसु हा आधीचा शिक्षक. १८ एप्रिलपर्यंत त्याने हिंसा रोखायचा प्रयत्न केला, हे त्याला दोषी ठरवणाऱ्या न्यायालयानेच नोंदवलं आहे. त्या दिवशी हंगामी सरकारने बुर्गमेस्त्रांची बैठक घेतली. ती आटोपून परतलेला अकायेसु पालटला होता. त्यानंतर त्याच्याच कार्यालयाच्या आवारात बायकांवर बलात्कार झाले.

प्रांत, कम्यून, सेक्टर, सेल अशी उतरंड. कोण कुठे राहतो, कुणाकडे पाहुणा आलाय, हे सगळं खालच्या अधिकाऱ्याला ठाऊक. ‘उमुगांडा’ नावाचं सक्तीचं सामूहिक श्रमदान होतं, त्याला कोण आलं आणि कोण नाही याची नोंद राहायची. १९९४ मध्ये माणसं मारायला लोकांना याच उतरंडीतून बोलावलं गेलं, अनेक ठिकाणी ‘काम’ म्हणूनच. रस्त्यारस्त्यावर नाके होते आणि नाक्यावर ओळखपत्र मागितलं जायचं.

त्या ओळखपत्राकडे मला मुख्यतः यायचं आहे. हुतू, तुत्सी आणि त्वा नावाचा तिसरा, अगदी छोटा समाज, तिघांची भाषा किन्यारवांडा. देव तोच, टेकड्या त्याच, कुळंसुद्धा सामायिक. राजा तुत्सी, गुरं बाळगणारे बरेच तुत्सी, शेती करणारे बहुसंख्य हुतू, हा भेद होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजा र्वाबुगिरीच्या काळात हुतूंवर वेठ लादली गेली आणि तो भेद कडक झाला. सगळं गोऱ्यांनी केलं असं म्हणणं मला पटत नाही. तरी गुरं आली-गेली, घराणं वर-खाली झालं, तर माणसाची गणना बदलू शकायची.

बेल्जियनांनी ती वाट बंद केली. युरोपात त्या काळी एक सिद्धांत चालत होता, की आफ्रिकेत जे जे सुधारलेलं दिसतं ते उत्तरेकडून आलेल्या वरच्या वंशाने आणलेलं. तुत्सींना त्या साच्यात बसवलं गेलं. १९२६ पासूनच्या फेरबदलांत हुतू सरदारांना काढून तुत्सी नेमले, मिशनच्या शाळांत तुत्सी मुलांना झुकतं माप दिलं, ऐकत नाही म्हणून १९३१ मध्ये राजा मुसिंगालाच हटवलं. मग १९३३-३४ ची गणना झाली आणि प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी किंवा त्वा असं लिहिलं गेलं. बापाचं तेच मुलाचं, कायमचं.

पुढे तुत्सी नेते स्वातंत्र्य मागू लागले तेव्हा त्याच बेल्जियनांनी आणि चर्चने बाजू बदलली. १९५७ मध्ये हुतू सुशिक्षितांचा जाहीरनामा आला. त्यातल्या तक्रारी बऱ्याचशा खऱ्या होत्या, पण ओळखपत्रावरची नोंद काढू नका अशीही त्यात मागणी होती. नोव्हेंबर १९५९ मध्ये तुत्सींची घरं जाळली गेली, हजारो युगांडात आणि बुरुंडीत पळाले. १ जुलै १९६२ ला देश स्वतंत्र झाला. राज्यकर्ते बदलले, ओळखपत्र राहिलं. कायिबांडांनी ते ठेवलं, १९७३ मध्ये बंड करून आलेल्या हाब्यारिमानांनीही ठेवलं. स्वतंत्र सरकारला ते एका सहीत रद्द करता आलं असतं. बत्तीस वर्षांत ती सही झाली नाही, आणि याचा दोष मी बेल्जियमच्या माथी मारणार नाही.

१९५९ च्या निर्वासितांची मुलं युगांडात वाढली. त्यांच्या आरपीएफ (रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंट) या सशस्त्र संघटनेने १ ऑक्टोबर १९९० ला सीमा ओलांडली. तिथून चार वर्षांत यादवी युद्ध, ‘कांगुरा’ नावाचं विखारी पत्र, जुलै १९९३ पासून आरटीएलएम रेडिओ, तुत्सींना झुरळं म्हणणं, पक्षांच्या तरुण टोळ्या, ऑगस्ट १९९३ चा सत्तावाटपाचा आरुशा करार आणि सत्ता वाटून घ्यायला नकार देणारा राष्ट्राध्यक्षांभोवतीचा गट. १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवसांत ५ ते ८ लाख माणसं मारली गेली असं बहुतेक अभ्यासक धरतात. रवांडा सरकारचा आकडा १० लाखांच्या वर आहे.

नंतरच्या काळाबद्दल प्रतिसादांत बोलू.

सातपुडा

पळसपानताई, बुटारेचा मुद्दा पटला. पण पोटाचा प्रश्न तुम्ही गाळलात. सव्वीस हजार चौरस किलोमीटरचा देश, ७० लाखांवर लोक, जवळपास सगळे शेतीवर. बापाच्या टेकडीचे तुकडे पडत गेले. तरुण पोराला जमीन नाही म्हणून घर बांधता येत नाही, आणि घर नाही म्हणून लग्न नाही. निर्यातीची मदार कॉफीवर. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करार मोडला आणि भाव निम्म्यावर आले. त्याच सुमाराला दक्षिणेत दुष्काळ, नोव्हेंबर १९९० मध्ये कर्जदारांच्या अटीखाली चलनाचं अवमूल्यन, वर युद्धाचा खर्च. टोळ्यांत भरती झालेली पोरं आली कुठून, ते इथे दिसतं.

वायव्येकडच्या कानामा कम्यूनचा एक अभ्यास आहे. तिथे तुत्सी जवळजवळ नव्हतेच, तरी १९९४ मध्ये माणसं मारली गेली. त्यांत जास्त जमीन असलेले होते, भांडकुदळ म्हणून ठरलेले होते आणि अगदी कंगालही होते. वंशाच्या नावाखाली जमिनीचे हिशेब चुकते झाले.

पळसपान

सातपुडा, जमिनीचं सगळं मान्य. मारणाऱ्यांना मेलेल्याचं शेत, गाय, घरावरचे पत्रे मिळणार होते, ही लालूच खरी होती. पण भुकेला पोरगा टोळीत का गेला हे त्यातून कळतं, टोळी कुणी उभी केली ते कळत नाही. जानेवारी १९९३ ते मार्च १९९४ दरम्यान ५ लाख ८१ हजार कोयते आयात झाल्याची नोंद आहे. कॉफीचे भाव पडलेल्या देशात ही खरेदी भुकेल्या पोरांनी केलेली नाही. कॉफी इतर देशांतही पडली होती. आणि गिती कम्यूनमध्ये दारिद्र्य तेच, पण बुर्गमेस्त्र आडवा उभा राहिला आणि तिथे कत्तल झाली नाही.

कातळ

इंग्रजांच्या शिरगणतीत आपल्याकडेही जाती मोजल्या गेल्या, १९३१ पर्यंत. मग तोच प्रकार आपल्याकडे का झाला नाही?

पळसपान

कातळ, तुलना तिथवरच जाते. रवांडात तीनच खाने होते आणि त्यातल्या एकात सुमारे ८५ टक्के लोक. आपल्याकडे हजारो जाती, आणि त्यांची उतरंड गोऱ्यांच्या येण्यावाचूनही पक्कीच होती. शिवाय शिरगणतीच्या वहीतली नोंद आणि रोज खिशात बाळगायच्या, नाक्यावर दाखवायच्या कार्डावरची नोंद यांत मोठा फरक आहे.

अबोली

चर्चबद्दल एका ओळीवर भागवू नका. मी स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती घरातली आहे, वसईची, म्हणून लिहितेय. आफ्रिकेतला हा सर्वांत कॅथलिक देशांपैकी एक. राजा रुदाहिग्वाने १९४६ मध्ये देश ख्रिस्त राजाला अर्पण केला होता. पूर्वीच्या दंगलींत चर्चमध्ये गेलेला वाचायचा, म्हणून १९९४ मध्येही लोक पोरंबाळं घेऊन चर्चमध्ये गेले आणि तिथेच घेरले गेले. न्यामाता, न्तारामा, न्यारुबुये. न्यांगेच्या चर्चवर बुलडोझर घालून आतल्या माणसांवर ते पाडलं. तिथले पाद्री आतानाज सेरोम्बा यांना आंतरराष्ट्रीय लवादाने २००८ मध्ये अपिलात जन्मठेप दिली. आसरा देताना जीव गमावलेले धर्मगुरू आणि सिस्टरही होत्या, पण संस्था म्हणून चर्च सरकारच्या मांडीला मांडी लावून बसलेलं होतं. किगालीचे आर्चबिशप तर वर्षानुवर्षं सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीवर होते. पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या पापांबद्दल क्षमा मागितली ती मार्च २०१७ मध्ये. तेवीस वर्षं! मला अजून ते सहन होत नाही.

निवृत्त मास्तर

संयुक्त राष्ट्रांबद्दल थोडं. शांतिसेनेचे प्रमुख रोमियो डॅलेर यांनी ११ जानेवारी १९९४ लाच न्यूयॉर्कला कळवलं होतं की शस्त्रांचे साठे आहेत आणि तुत्सींच्या नोंदी केल्या जात आहेत. साठ्यांवर छापा घालायला परवानगी मिळाली नाही. ७ एप्रिलला दहा बेल्जियन सैनिक मारले गेले आणि बेल्जियमने सैन्य परत बोलावलं. ११ एप्रिलला किगालीतल्या एका तांत्रिक शाळेत सुमारे दोन हजार माणसं त्यांच्या भरवशावर बसली होती. सैनिक गाड्यांत बसून निघाले आणि मारेकरी आत आले. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने ठराव करून सेना २७० माणसांवर आणायचं ठरवलं. बुटारे तेव्हा नुकतंच पेटत होतं. आणि रवांडा त्या वर्षी परिषदेचा सदस्य होता. म्हणजे मारणाऱ्या सरकारचा प्रतिनिधी त्याच टेबलाशी बसून जगाला काय ठाऊक आहे, काय करायचं ठरतंय, सगळं ऐकत होता.

घानाच्या सैनिकांचं नाव घ्यायला हवं. ते थांबले, आणि मूठभर असूनही हजारो लोक त्यांनी वाचवले.

वाटसरू

धागा एकाच बाजूचा होतोय. कत्तल थांबवणारी आरपीएफ ही काही देवमाणसं नव्हती. तिच्या सैनिकांनी १९९४ मध्येच हुतू गावकऱ्यांना मारल्याचा अहवाल संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेसाठी काम करणाऱ्या तज्ज्ञाने दिला होता, तो दाबला गेला. एप्रिल १९९५ मध्ये किबेहोच्या छावणीत हजारोंच्या जमावावर गोळीबार झाला, सरकारने मृतांचा आकडा ३३८ सांगितला, बाकी सगळे त्याच्या कितीतरी पट सांगतात. १९९६-९७ मध्ये शेजारच्या झाईरच्या (आजच्या काँगोच्या) जंगलात हुतू निर्वासितांची शिकार झाली. त्यांत बायका, म्हातारे, मुलं होती. संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या अहवालाने म्हटलंय की हे न्यायालयात सिद्ध झालं तर त्यालाही वंशसंहार म्हणता येईल. या मृतांसाठी कुठलं स्मारक आहे?

पळसपान

वाटसरू, यातलं काहीही मी नाकारत नाही, आणि हे लिहिलंत ते बरं केलंत. एकच आग्रह: याचा उपयोग ‘दोन्हीकडून सारखंच झालं’ म्हणण्यासाठी होऊ नये. एप्रिल ते जुलै १९९४ मध्ये एका सरकारने तान्ह्या मुलांसकट एक समाज संपवायचा प्रयत्न केला. झाईरमधल्या मृतांचं दुःख त्याने कमी होत नाही. किबेहोत मेलेल्याच्या मुलाला आज रवांडात उभं राहून बापाचं नाव जाहीरपणे घेता येत नाही, हा अन्यायच आहे.

डोंगरवाट

झाईरचा विषय निघाला म्हणून. माझे मामा भारतीय लष्करात होते, पूर्व काँगोतल्या उत्तर किवू प्रांतात शांतिसेनेच्या तुकडीबरोबर जाऊन आले. गोमाच्या आसपास तुम्ही कुणाशीही बोला, ते म्हणायचे, गोष्ट १९९४ पासूनच सुरू होते. त्या जुलैत काही दिवसांतच लाखो लोक सीमा ओलांडून गोमात आले, कॉलऱ्याने सुमारे ५० हजार गेले. आणि मदतीचं धान्य वाटायचा ताबा छावण्यांत कुणाकडे? त्याच बुर्गमेस्त्रांकडे आणि टोळीवाल्यांकडे. ताईंनी सांगितलेली उतरंड जशीच्या तशी सीमेपलीकडे गेली. त्या छावण्या मोडायला रवांडाचं सैन्य १९९६ मध्ये आत शिरलं आणि काँगोचं युद्ध सुरू झालं. जानेवारी २०२५ मध्ये एम२३ या बंडखोर गटाने गोमा पुन्हा घेतलं, रवांडाच्या पाठबळावर.

शेवंती

मी वकिली करते, म्हणून गचाचाबद्दल, म्हणजे रवांडातल्या गावोगावच्या न्यायालयांबद्दल लिहिते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात जगाने सर्वांत कमी समजून घेतलेली गोष्ट तीच.

टांझानियातल्या आरुशा शहरातला आंतरराष्ट्रीय लवाद सुरक्षा परिषदेच्या नोव्हेंबर १९९४ च्या ठरावाने झाला. त्याचं काम मोठं आहे. खटला चालवून आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहाराबद्दल दोषी ठरवलेला पहिला माणूस अकायेसु, २ सप्टेंबर १९९८ ला. त्याच निकालात बलात्कार हे वंशसंहाराचं कृत्य ठरू शकतं हे प्रथम मान्य झालं. हंगामी सरकारचे पंतप्रधान काम्बांडा यांनी गुन्हा कबूल केला. बुटारेच्याच पोलीन न्यिरामासुहुको, कुटुंब आणि महिला कल्याण मंत्री, २०११ मध्ये दोषी ठरल्या. पण २०१५ अखेर लवाद बंद झाला तेव्हा आरोपी झाले होते ९३.

देशात मात्र तुरुंगात सव्वा लाखाच्या आसपास माणसं कोंबलेली होती. बरेच न्यायाधीश मारले गेलेले किंवा पळालेले. म्हणून गावातली तंटे मिटवायची जुनी रीत कायद्यात बसवली. गवतावर बसायचं, आठवड्यातून एकदा, सगळ्या गावाने. गावानेच निवडलेले पंच, त्यांत शेतकरी बाया-माणसं. वकील नाहीत. कबुली दिली तर शिक्षा कमी, आणि प्रेत कुठे टाकलं ते सांगायचं. सुमारे बारा हजार न्यायालयं, १९ लाखांवर प्रकरणं, जून २०१२ मध्ये समाप्ती.

वकील म्हणून मला वकिलाशिवायचा खटला टोचतो. खोटे आरोप झाले, साक्षीदारांना धमक्या आल्या, काहींना मारलंही गेलं. आरपीएफच्या सैनिकांचे गुन्हे तिथे चालवायला मनाई होती, वाटसरूंचा मुद्दा इथे थेट लागू पडतो. तरी मला वाटतं पर्याय नव्हता. सगळ्यांना सोडून देणं आणि सगळ्यांना खटल्याविना तुरुंगात कुजवणं, या दोनच वाटा एरवी उरल्या होत्या. एका विधवेला नवऱ्याची हाडं कुठल्या शौचखड्ड्यात आहेत हे सांगणारा माणूस आरुशात कधीच सापडला नसता.

सातपुडा

आणि आजचं काय? ओळखपत्रावरचा रकाना गेला ना?

पळसपान

हो, गेला, आणि ते फार मोठं काम आहे. १९९९ च्या कायद्याने मुलींना वडिलांच्या जमिनीत वाटा मिळाला. २००३ च्या घटनेत महिलांना किमान ३० टक्के जागा, आणि २००८ पासून संसदेत महिलांचं बहुमत आहे. २००७ मध्ये फाशी रद्द झाली, ज्या देशात सूडाचं कारण जगात सर्वांत ताजं होतं तिथे. रस्ते, आरोग्य विमा, सगळं खरं.

पण उतरंड तीच आहे. उमुगांडा दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आजही होतो. गावपातळीपर्यंत सरकारचा माणूस आहे, आता तो लसीकरण आणि स्वच्छता बघतो. ‘वंशसंहाराची विचारसरणी’ बाळगल्याबद्दल शिक्षा देणारा २००८ चा कायदा इतका सैल होता की पत्रकार आणि विरोधी नेतेही त्यात अडकले. २०२४ च्या निवडणुकीत आरपीएफचे नेते, राष्ट्राध्यक्ष कागामेंना ९९ टक्के मतं. गायक किझितो मिहिगो स्वतः वंशसंहारातून वाचलेला. त्याने एका गाण्यात दुसऱ्या बाजूच्या मृतांसाठीही प्रार्थना केली आणि तिथून त्याचे दिवस फिरले. फेब्रुवारी २०२० मध्ये पोलीस कोठडीत त्याचा मृत्यू झाला. पोलिसांनी आत्महत्या म्हटलं, मानवी हक्क संघटनांनी स्वतंत्र चौकशी मागितली. हुकूम खालपर्यंत पोचतो पण खालचा ‘नाही’ वर पोचत नाही, अशा राज्याची मला भीती वाटते, हुकूम आज कितीही चांगला असो.

अबोली

शेवंतीताई, एक विचारायचं होतं. वाचलेल्यांना भरपाई काय मिळाली?

शेवंती

अबोली, फार थोडी. आरुशाच्या लवादाला पीडितांना भरपाई द्यायचा अधिकारच नव्हता. सरकारने १९९८ मध्ये वाचलेल्यांसाठी निधी काढला, त्यातून मुलांच्या शाळेची फी, घरं, औषधपाणी झालं. बलात्कारातून एचआयव्ही झालेल्या बायकांना औषधं मिळायला कित्येक वर्षं गेली, आणि त्याच काळात आरुशातल्या आरोपींना कोठडीत ती मिळत होती. त्या बलात्कारांतून जन्मलेली मुलं सुरुवातीला या निधीत बसतच नव्हती, कारण कायद्याने ती १९९४ मधून ‘वाचलेली’ नव्हती.

गचाचातली बहुसंख्य प्रकरणं, १३ लाखांच्या आसपास, लुटीची होती. गाय, पत्रे, दारं-खिडक्या. न्यायालयाने रक्कम ठरवून दिली, पण ज्याने लुटलं तोही बहुधा कंगाल. कुणी शेतात राबून फेडतो, कुणी हप्ते देतो, पुष्कळांनी काहीच दिलेलं नाही. न्यायालयं बंद झाली तेव्हा अनेक निवाडे अंमलाविना पडून होते. वसूल करायचं तर त्या बाईने पुन्हा सेलच्या अधिकाऱ्याकडे अर्ज घेऊन जायचं, आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज तो शेजारच्याच घरात राहतो.